प्राणिप्लवकांच्या जीनोममधली दुबार जनुकं: खरी कशी ओळखायची, खोटी कशी गाळायची

पाण्यात तरंगत जगणाऱ्या एखाद्या चिमुकल्या प्राणिप्लवकाचा जीनोम हाती आला की पहिला मोह होतो तो यादी काढायचा. कोणतं जनुक दोनदा आहे, कोणतं पाचदा? जनुकांचे नात्याप्रमाणे गट पाडणारा ऑर्थोफाइंडर हा प्रोग्राम रात्रभर चालवला की सकाळी तक्ता तयार, आणि त्या तक्त्यावर लगेच उत्क्रांतीच्या गोष्टी रचाव्याशा वाटतात. थोडं थांबा. त्यातल्या बऱ्याच 'दुबार' नोंदी मुळात दुबार नसतात. कुठे आईकडून आणि बापाकडून आलेल्या एकाच जनुकाच्या दोन आवृत्त्या असतात, कुठे एकच जनुक सॉफ्टवेअरने मधोमध तोडलेलं असतं, तर कुठे प्राण्याच्या पोटातल्या शैवालाचं जनुक आत घुसलेलं असतं. या विषयात नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांना हे सगळं मी तुकड्यातुकड्याने सांगत असतो. इथे ते ओळीने लिहून काढतो.

डीएनए, प्रथिनं आणि ब्लास्ट यांची तोंडओळख आहे असं मी धरून चालतो. कमांड लाइनची भीती असेल तर ती आधी घालवा, तिच्यावाचून यातलं काहीच होणार नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- तुमच्या प्रजातीची जीनोम असेंब्ली, म्हणजे तुकडे जोडून तयार केलेला जीनोम (फास्टा फाइल), आणि जनुकांच्या जागा सांगणारी जीएफएफ फाइल
- ज्यांवरून असेंब्ली बनली ते मूळ रीड्स, म्हणजे यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे. हे बहुतेक जण उतरवून घेतच नाहीत, आणि पुढे सगळ्यात जास्त गरज त्यांचीच लागते
- शक्य असेल तर वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरचा आरएनए डेटा
- तुलनेसाठी आठ-दहा प्रजातींचे प्रथिनसंच: जवळचे नातेवाईक, दूरचे नातेवाईक आणि निदान एक अगदी बाहेरची प्रजाती
- सॉफ्टवेअर: जेलीफिश (नाव प्लवकाचं, काम मात्र डीएनएचे छोटे तुकडे मोजायचं), जीनोमस्कोप, बुस्को, मिनीमॅप२, सॅमटूल्स, ऑर्थोफाइंडर, माफ्ट, आयक्यू-ट्री आणि आयजीव्ही
- नमुन्याची माहिती: कुठे पकडला, कधी पकडला, एकच प्राणी होता की अनेकांचा डीएनए एकत्र केला होता

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण डेटाबेसमधली ती एक ओळ वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. कारण तिसऱ्या पायरीवर कळेल.

१. प्राणी विचार करून निवडा

'छोटे प्लवक' म्हटलं म्हणून जीनोमही छोटा असेलच असं नाही. ऑइकोप्लुरा डायोइका हा ॲपेंडिक्युलेरियन प्राणी आपल्याच पृष्ठरज्जू संघातला. त्याचं धड जेमतेम मिलिमीटरभर, आयुष्य काही दिवसांचं. २०१० साली त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला, तो सुमारे ७ कोटी बेसचा निघाला. त्यात सुमारे १८,००० जनुकं दाटीवाटीने बसलेली आहेत. याउलट कॅलानस फिनमार्किकस हा उत्तर अटलांटिकमधला कोपेपॉड (एक चिमुकला कवचधारी) तांदळाच्या दाण्याएवढा असला तरी त्याचा जीनोम ६ अब्ज बेसच्या पुढे जातो. म्हणजे माणसाच्या जवळजवळ दुप्पट.

नवख्याने पहिलं काम लहान, गुणसूत्रांपर्यंत जुळवलेल्या जीनोमवर करावं असं माझं स्पष्ट मत आहे. ऑइकोप्लुरा त्यासाठी उत्तम: गुणसूत्रांच्या तीनच जोड्या, आणि २०२१ पासून ओकिनावाच्या प्राण्याची गुणसूत्र-पातळीची असेंब्ली सर्वांसाठी खुली आहे. महाकाय जीनोमच्या कोपेपॉडवर फक्त आरएनएवरून जनुकांच्या प्रती मोजायला निघालात, तर आयसोफॉर्म (एकाच जनुकाची वेगवेगळी आरएनए रूपं), ॲलील (आईकडून आणि बापाकडून आलेल्या आवृत्त्या) आणि खऱ्या प्रती यांचा असा गुंता होतो की तो सोडवायला शेवटी जीनोमच लागतो.

२. नावाखाली नेमकं कोण आहे ते पाहा

ऑइकोप्लुरा डायोइका या एकाच नावाने ओकिनावा, जपानची मुख्य बेटं आणि युरोप इथले जीनोम डेटाबेसमध्ये आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली हे प्राणी सारखेच दिसतात. २०२४ साली हे जीनोम शेजारी ठेवून पाहिले गेले, तेव्हा जनुकांचा क्रम हजारो ठिकाणी विस्कटलेला आढळला. क्रम बिघडण्याचा वेग सस्तन प्राणी किंवा फळमाश्यांपेक्षा कितीतरी जास्त निघाला, आणि या नावाखाली एकाहून अधिक छुप्या प्रजाती असाव्यात असा निष्कर्ष निघाला.

तुमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. जीनोम ओकिनावाचा, आरएनए युरोपचा आणि तिसरीकडून उचललेलं एखादं जनुक, अशी खिचडी करू नका. रीड्स नीट जुळणार नाहीत, आणि 'प्रत हरवली' किंवा 'प्रत वाढली' असे भास होतील. प्रत्येक फाइलच्या नावातच नमुन्याचं ठिकाण लिहून टाका.

३. असेंब्ली तपासा: दोन प्रती की एकाच्या दोन आवृत्त्या?

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. समुद्रातल्या प्लवकांची संख्या अफाट असते, त्यामुळे एकाच प्राण्याच्या दोन गुणसूत्र-संचांतही भरपूर फरक असतो. हा फरक फार झाला की असेंब्ली करणारा प्रोग्राम दोन ॲलीलना दोन वेगळ्या जागा समजून दोन्ही छापतो. कागदावर जनुक दुप्पट, प्राण्यात एकच. अनेक प्राण्यांचा डीएनए एकत्र केलेला असेल तर दोनाच्या जागी चार-पाच आवृत्त्याही निघतात. नमुन्याची ती ओळ वाचायला सांगितलं ते याचसाठी.

आधी जेलीफिशने के-मर (ठरावीक लांबीचे डीएनएचे छोटे तुकडे) मोजा आणि आलेख जीनोमस्कोपला द्या. दोन उंचवटे दिसले आणि डावीकडचा, म्हणजे निम्म्या खोलीचा (खोली म्हणजे एका जागेवर किती रीड्स येतात), ठळक असला तर दोन संचांतला फरक मोठा आहे. मग असेंब्लीची लांबी आणि जीनोमस्कोपचा अंदाज ताडून पाहा. असेंब्ली बरीच लांब असेल तर ॲलील दुबार छापलेले असण्याची दाट शक्यता आहे.

त्यानंतर बुस्को: ठरावीक जनुकं असेंब्लीत आहेत का, ते हा प्रोग्राम पाहतो. मेटाझोआच्या (प्राण्यांच्या) ओडीबी१० आवृत्तीतल्या संचात ९५४ जनुकं आहेत, आणि ती बहुतेक प्राण्यांत एकेकटीच असतात. यातली पुष्कळ 'डुप्लिकेटेड' दिसली तर शंका घ्या. 'मिसिंग'चा आकडा बघून मात्र घाबरू नका. ऑइकोप्लुरात चांगल्या असेंब्लीतसुद्धा बुस्कोची चतुर्थांशाच्या आसपास जनुकं सापडत नाहीत, कारण काही खरोखरच गेली आहेत आणि काही इतकी बदलली आहेत की ओळखू येत नाहीत.

आता जनुकागणिक तपासणी. मूळ रीड्स मिनीमॅप२ने असेंब्लीवर परत बसवा आणि जनुकाची खोली पाहा. समजा, एकच प्रत असलेल्या जनुकांवर सरासरी ८० रीड्स येतात, आणि तुमच्या कथित जोडीचा आकडा असा आहे:

- दोन्ही प्रतींवर ४०-४०: जवळजवळ नक्की ॲलील. दुबार नाही
- दोन्हींवर ८०-८०: दोन खऱ्या जागा
- असेंब्लीत एकच प्रत, पण तिच्यावर १६०: दोन अगदी सारख्या प्रती एकात दाबल्या गेल्या आहेत. या हमखास नजरेतून सुटतात

दोन गोष्टी सांभाळा. या मोजणीत मॅपिंग क्वालिटी शून्य असलेले रीड्स गाळू नका. दोन प्रती हुबेहूब असतील तर प्रोग्रामला रीड कुठला ते ठरवता येत नाही, तो शून्य गुण देतो, आणि तुम्ही गाळणी लावली की खऱ्या प्रतींची खोलीच नाहीशी होते. दुसरं, डीएनए एकट्या नराचा असेल तर एक्स आणि वाय गुणसूत्रांच्या आपापल्या स्वतंत्र भागांतली जनुकं आपसूकच ४० वर दिसतील. त्यांना ॲलील समजून फेकू नका.

सगळ्यात भक्कम पुरावा लांब रीड्सचा. आयजीव्ही (बसवलेले रीड्स डोळ्यांनी दाखवणारा प्रोग्राम) उघडा, जनुकाच्या जागी जा आणि असा रीड शोधा की ज्यात पहिली प्रत, मधली जागा आणि दुसरी प्रत सलग सापडतात. एकाच रेणूवर दोन्ही प्रती शेजारी-शेजारी असतील तर त्या ॲलील असू शकत नाहीत, कारण ॲलील दोन वेगळ्या गुणसूत्रांवर असतात. असे पाच-सहा रीड्स मिळाले की मी त्या जोडीवर आणखी वाद घालत नाही.

पर्ज-डुप्ससारखी साधनं ॲलील काढून टाकतात, जरूर वापरा. पण सलग बसलेल्या खऱ्या प्रतीही कधीकधी त्यांच्या तावडीत सापडतात. आधीची आणि नंतरची अशा दोन्ही असेंब्ली ठेवा आणि काय गेलं याची यादी डोळ्यांखालून घाला.

४. जनुकांची यादी साफ करा

प्रत्येक जनुकाचा एकच, सहसा सर्वांत लांब, आयसोफॉर्म ठेवा. हे राहून गेलं तर ऑर्थोफाइंडर प्रत्येक आयसोफॉर्मला वेगळं जनुक समजतो.

पुढचा सापळा तुटलेल्या जनुकांचा. ऑइकोप्लुरात बहुतेक इंट्रॉन (जनुकातले, आरएनएतून कापून टाकले जाणारे भाग) जेमतेम ४७ बेसच्या आसपास असतात आणि काहींच्या टोकांना नेहमीची जीटी-एजी ही अक्षरं नसतात. त्याच्या नात्यातल्या फ्रिटिलारिया बोरियालिसमध्ये तर अशा वेगळ्या इंट्रॉनची रेलचेल आहे. इतर प्राण्यांवर शिकवलेलं अनोटेशन (जनुकांच्या जागा शोधणारं) सॉफ्टवेअर तिथे अडखळतं आणि एका जनुकाचे दोन तुकडे करतं. ओळखायची खूण सोपी आहे. दोन्ही 'प्रती' एकाच मानवी प्रथिनाशी जुळतात, पण एक सुरुवातीच्या भागाशी आणि दुसरी शेवटच्या भागाशी. अशी जोडी तक्त्यातून काढा. खऱ्या प्रतींची जुळणी एकमेकींवर चढलेली असते.

याच्या उलटही घडतं. ऑइकोप्लुराची चतुर्थांशाहून जास्त जनुकं ओपेरॉनमध्ये आहेत, म्हणजे शेजारची जनुकं एकत्र वाचली जातात आणि नंतर वेगळी होतात. केवळ आरएनएवरून जोडणी केली तर दोन जनुकं चिकटून एक होऊ शकतात.

मग येतं प्रदूषण. हे प्राणी गाळून खाणारे, त्यामुळे पोटात शैवाल आणि जिवाणू असायचेच. जिवाणूंशी जुळणारे तुकडे गाळा, पण डोळे मिटून नको. ट्युनिकेट प्राण्यांचं (ऑइकोप्लुरा याच गटातला) सेल्युलोज सिंथेज जनुक मुळात जिवाणूंकडूनच आलेलं आहे. ट्युनिकेट सेल्युलोज तयार करतात ते त्याच्याच जोरावर. आंधळ्या गाळणीत हे जनुक पहिल्यांदा उडेल. तुकडा टाकण्यापूर्वी बघा: त्यात इंट्रॉन आहेत का, शेजारी नक्की प्राण्याची म्हणता येतील अशी जनुकं आहेत का, खोली बाकी जीनोमइतकी आहे का. तिन्हींना 'हो' असेल तर ते घरचंच.

५. कुटुंबं बांधा, मग वंशवृक्ष काढा

ऑर्थोफाइंडरने जनुकांचे गट पाडा. तो तक्ता म्हणजे कच्चा माल समजा. ज्या कुटुंबात रस आहे त्याची प्रथिनं वेगळी काढा, माफ्टने ओळीत लावा आणि ती जुळणी डोळ्यांनी पाहा. अर्धवट, वेड्यावाकड्या ओळी काढून टाका आणि मग वृक्ष काढणारा आयक्यू-ट्री चालवा. त्याच्या अल्ट्राफास्ट बूटस्ट्रॅपमध्ये (फांदी किती भरवशाची ते सांगणारा १०० पैकी आकडा) ९५ च्या खालच्या फांदीवर इमारत उभारू नका.

इथे नवखा हमखास फसतो अशी जागा: 'माणसात तीन, ऑइकोप्लुरात एक, म्हणजे ऑइकोप्लुराने दोन गमावली.' तसं नाही. पृष्ठवंशीयांच्या पूर्वजांत संपूर्ण जीनोम दोनदा दुप्पट झाला, आणि तो ट्युनिकेटांची शाखा वेगळी झाल्यानंतर. एफजीएफ (पेशींच्या वाढीचे संकेत देणारी प्रथिनं) ९, १६ आणि २० ही आपली तीन जनुकं, पण ट्युनिकेटाच्या बाजूने त्यांचा जोडीदार एकच असणं अपेक्षित आहे. म्हणूनच त्याला एफजीएफ ९/१६/२० असं जोडनाव देतात. तुलना मानवी आकड्याशी करायची नसते, समाईक पूर्वजात किती होती याच्याशी करायची असते. त्यासाठी सायोनासारखं ॲसिडियन (तळाला चिकटून राहणारं ट्युनिकेट) आणि ॲम्फिऑक्सस (पृष्ठरज्जू संघातला दूरचा नातेवाईक) हे दोन्ही वृक्षात हवेतच.

दुसरी अडचण लांब फांद्यांची. ऑइकोप्लुराची प्रथिनं फार वेगाने बदलतात, आणि अशा लांब फांद्या नातं नसतानाही वृक्षात एकमेकींजवळ ओढल्या जातात. त्यातून अलीकडची प्रत पुरातन असल्यासारखी दिसू शकते. दुसऱ्या ॲपेंडिक्युलेरियन प्रजाती घालून ती लांब फांदी मध्ये तोडणं, हा मला सापडलेला सर्वांत उपयोगी उपाय. गुंतागुंतीचं मॉडेल लावण्याआधी हे करून पाहा.

बाण-कृमींवर, म्हणजे कीटोग्नाथांवर काम करत असाल तर आणखी जपा. त्यांच्यात १८एस आणि २८एस या रायबोसोमी जनुकांचेही दोन-दोन वर्ग आहेत; २८एसच्या बाबतीत हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. एका प्रजातीचा पहिला वर्ग आणि दुसरीचा दुसरा वर्ग घेऊन वृक्ष काढलात, तर हाती प्रजातींचा नव्हे, त्या जुन्या द्विगुणनाचा इतिहास येईल.

६. शेजार तपासा

प्रती सलग बसलेल्या असतील तर त्या बहुधा जागच्या जागी झालेल्या द्विगुणनातून आल्या. निमिओप्सिस लेइडी या कंगवा-जेलीत (टेनोफोर) प्रकाश देणाऱ्या फोटोप्रोटीनची निदान १० जनुकं जीनोममध्ये दोन घोळक्यांत सापडतात. असं चित्र दिसलं की काम सोपं.

प्रती दूर विखुरलेल्या असतील तर माणूस किंवा माशांसाठी लिहिलेल्या सूचना इथे आंधळेपणाने लावू नका. ऑइकोप्लुरात जनुकांचा क्रम इतका ढवळला गेला आहे की 'शेजार जुळत नाही' यावरून काहीच सिद्ध होत नाही. ओपेरॉनसुद्धा या उलथापालथीत टिकलेले नाहीत. टिकून राहतं ते गुणसूत्राच्या बाहूच्या पातळीवरचं नातं. त्यामुळे जनुकाचा बाहू कोणता एवढंच विचारा, डावी-उजवीकडचं जनुक कोणतं ते नको. तसंच, इंट्रॉन नसलेली प्रत दिसली म्हणून ती आरएनएवरून परत लिहिली गेली असं लगेच म्हणू नका. या वंशात इंट्रॉनची ये-जा मुळातच जोरात आहे.

७. वयाच्या हिशेबात फार गुंतू नका

प्रती किती जुन्या, हे केएस (प्रथिन न बदलणाऱ्या डीएनए-फरकांचं प्रमाण) काढून सांगायची पद्धत आहे. २००० साली लिंच आणि कॉनरी यांनी अनेक सजीवांच्या जीनोमवरून दाखवलं की बहुतेक दुबार प्रती काही दशलक्ष वर्षांतच निकामी होतात. पण वेगाने बदलणाऱ्या प्लवकांत केएस लवकर भरून जातो, आणि २ च्या पुढचा आकडा भरवशाचा राहत नाही. 'अलीकडची' आणि 'जुनी' एवढंच लिहा. कोटी-कोटी वर्षांचे आकडे देऊ नका.

८. गेलेल्या जनुकांचा हिशेब त्याच वहीत ठेवा

वाढ एका तक्त्यात आणि घट दुसऱ्यात, अशी वाटणी केली की मुख्य गोष्टच हातची जाते. ॲपेंडिक्युलेरियनांत एफजीएफची बहुतेक सगळी उपकुटुंबं नाहीशी झाली. उरली दोन, ९/१६/२० आणि ११/१२/१३/१४, आणि या दोघांच्या मात्र भराभर प्रती झाल्या. काही ठिकाणी उरलेल्यांनी गेलेल्यांची कामं उचलली, काही ठिकाणी नवीनच कामं धरली. हॉक्स जनुकांत (शरीराचा पुढून मागे आराखडा ठरवणारी जनुकं) मधली गेली, उरलेली नऊ जीनोमभर पांगली, आणि त्या पडझडीतच हॉक्स ९ च्या दोन प्रती झाल्या. यातली फक्त वाढ पाहिली असती तर 'दोन हॉक्स ९' हा एक विक्षिप्त तपशील वाटला असता.

एखादं जनुक 'गेलं' म्हणायच्या आधी तीन ठिकाणी शोधा: प्रथिनांच्या यादीत, थेट जीनोमच्या फास्टात टीब्लास्टएनने, आणि मूळ रीड्समध्ये. शिवाय एकट्यादुकट्या जनुकापेक्षा अख्खी साखळी गेलेली दिसली तर दावा बळकट होतो. ऑइकोप्लुरात डीएनएची तुटलेली टोकं थेट जोडणाऱ्या यंत्रणेतली मुख्य जनुकंच सापडत नाहीत. जीनोम इतका ढवळला जाण्यामागे हेही एक कारण असू शकतं असं मानतात.

९. प्रत काम काय करते?

सुसुमु ओनो यांनी १९७० साली मांडलं की एक प्रत जुनं काम सांभाळते तेव्हा दुसरी मोकळी होते आणि नवं काम धरू शकते. १९९९ साली फोर्स आणि सहकाऱ्यांनी दुसरी शक्यता पुढे आणली: दोघी मिळून जुनं काम वाटून घेतात. तुमच्या जोडीत काय झालं हे अनुक्रमावरून कळत नाही. त्यासाठी जनुक कधी आणि कुठे चालू होतं ते पाहावं लागतं.

वर आलेल्या सेल्युलोज सिंथेजचंच पाहा. सायोनात ते एकच आहे, ऑइकोप्लुरात दोन. पहिली प्रत डिंभकाच्या शेपटीच्या जडणघडणीत लागते. दुसरी चालू होते ती प्राणी आपलं पारदर्शक 'घर' बांधायला लागतो तेव्हा. त्या गाळणीच्या घरात बसूनच तो अन्न टिपतो. वाढीच्या टप्प्यांचा आरएनए डेटा असेल तर असा फरक एका साध्या तक्त्यातही उठून दिसतो.

प्रयोगशाळेची सोय असेल तर ऑइकोप्लुरात दुपदरी आरएनए किंवा दुपदरी डीएनए टोचून जनुक गप्प करता येतं. दोन्ही प्रती फार सारख्या असतील तर टोचायचा तुकडा त्यांच्यात फरक असलेल्या भागातून निवडा, नाहीतर दोघी एकदम गप्प होतील आणि काही उलगडणार नाही.

१०. मांडणी

प्रत्येक दुबार जोडीसाठी एक ओळ आणि तिच्यात हे रकाने: दोन्ही प्रतींची जागा, दोन्हींची खोली, दोन्ही प्रती धरणारे लांब रीड्स किती, वंशवृक्षातला आधार, बाहू कोणता, आरएनए कोणत्या टप्प्यावर. जो पुरावा नाही त्या रकान्यात 'नाही' लिहा, रिकामा सोडू नका. नुसत्या प्रथिनांच्या यादीवरून आलेल्या जोड्या वेगळ्या पानावर ठेवा आणि त्यांना 'संभाव्य' म्हणा. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या, असेंब्लीचा क्रमांक आणि नमुन्याचं ठिकाण त्याच फाइलच्या माथ्यावर लिहा. सहा महिन्यांनी नवी असेंब्ली आली की कोणत्या ओळी पुन्हा तपासायच्या, ते तिथूनच ठरवाल.